माळ्यावरून उतरलेला स्टिरिओ: सुईपासून कानापर्यंत

गेल्या वर्षी घराला रंग द्यायचे ठरले तेव्हा माळ्यावरची दोन मोठी खोकी खाली आली. एकात १९८७ साली पगारातून साठवून घेतलेला रेकॉर्ड प्लेअर आणि ॲम्प्लिफायर होता, दुसऱ्यात जुन्या चादरींत गुंडाळलेले दोन स्पीकर. २००० सालच्या सुमारास घर बदलले, मुलगी लहान होती, हॉलमध्ये जागा नव्हती. थोड्या दिवसांसाठी म्हणून वर गेलेला हा संच वीस-बावीस वर्षे वरच राहिला. मधल्या काळात गाणी ऐकणे थांबले नव्हते, पण ती आधी संगणकाच्या डबीएवढ्या स्पीकरमधून आणि नंतर मोबाइलमधून येत होती, आणि आपण काय ऐकत नाही आहोत हे विसरण्याइतकी त्याची सवय झाली होती.

एवढ्या वर्षांनी या छंदाकडे परतणारा माणूस सहसा बाजारात नवीन काय आले आहे याची चौकशी करू लागतो. मीही तेच केले आणि पंधरा दिवसांत पुरता गोंधळलो. त्यापेक्षा तबकडीपासून कानापर्यंतच्या साखळीत आवाज नेमका कुठे बिघडतो, हा प्रश्न आधी सोडवला असता तर बरे झाले असते. त्याचे उत्तर थोडक्यात असे, की जिथे हालचालीची वीज होते किंवा विजेची हालचाल होते तिथे, म्हणजे सुईपाशी आणि स्पीकरपाशी, आवाज सर्वांत जास्त बिघडतो. त्याखालोखाल तो खोलीत बिघडतो. या दोन टोकांच्या मधली इलेक्ट्रॉनिक्सची कामे बहुतांशी पूर्वीच सुटलेली आहेत. जाहिरातींचा आणि आपल्या खर्चाचा भर मात्र नेमका या मधल्या भागावर असतो.

जुना संच उतरवल्यावर करायची पहिली गोष्ट म्हणजे तो प्लगला न लावणे. ॲम्प्लिफायरच्या पोटात इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतात. दुरुस्तीवाले त्यांना कंडेन्सर म्हणतात. ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये रसायनात भिजवलेला कागद अशी त्यांची गुंडाळी असते, आणि एका पट्टीवर साचलेला ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर विजेला अडवून धरतो. वर्षानुवर्षे वीज मिळाली नाही तर हा थर कमकुवत होतो, रसायन वाळत जाते, आणि मग एकदम पूर्ण दाबाची वीज सोडली तर कंडेन्सर निकामी होतो, प्रसंगी फुटतोही. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या परिसरातल्या एका कारागिरांकडे मी ॲम्प्लिफायर नेला तेव्हा त्यांनी झाकण उघडण्याआधीच विचारले, "काका, थेट प्लगला तर लावला नव्हतात ना?" लावला होता, फ्यूज उडाला म्हणूनच तर गेलो होतो.

त्यांनी तो सिरीज लॅम्पवर लावला. ही युक्ती साधी आहे: विजेच्या वाटेत शंभर वॅटचा तारेचा जुना बल्ब ठेवायचा. यंत्र धड असेल तर बल्ब क्षणभर पेटून मंद होतो. आत कुठे शॉर्ट असेल तर तो भगभगीत पेटून राहतो, पण सगळा दाब स्वतःवर घेतो आणि यंत्र वाचते. माझ्या बाबतीत तो पेटूनच राहिला. मोठे दोन कंडेन्सर बदलले, आवाजाच्या बटणाखालच्या पट्टीवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ते बटण वीस-पंचवीस वेळा फिरवले, आणि खरखर गेली. कोकणातल्या आणि गोव्यातल्या खाऱ्या हवेत अशा सांध्यांवर गंज लवकर चढतो, त्यामुळे तिकडच्या यंत्रांत पुष्कळ दोष केवळ साफसफाईने जातात. मात्र घरातल्या २३० व्होल्टशी खेळ असल्यामुळे हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

आता तबकडीकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. लाँग प्ले तबकडी १९४८ साली अमेरिकेत आली. ती मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला बरोबर १.८ सेकंद लागतात. तबकडीवर आडवा चरा असेल तर 'टक्' असा आवाज दर १.८ सेकंदांनी येतो. याहून अनियमित टकटक ऐकू आली तर तो चरा नसून धूळ किंवा स्थिर विद्युत आहे, असे घड्याळाशिवायही ओळखता येते. एका बाजूवर एकच खाच असते, बाहेरून आत वळत जाणारी. बावीस मिनिटांची बाजू असेल तर ही खाच सरळ केल्यास पावणेपाचशे मीटर लांब भरते, आणि तिची रुंदी मात्र डोक्याच्या केसापेक्षाही कमी असते.

या खाचेला दोन भिंती असतात आणि त्या प्रत्येकी ४५ अंशांत कललेल्या असतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्टिरिओ तबकड्या आल्या तेव्हा डाव्या स्पीकरचा आवाज एका भिंतीवर आणि उजव्याचा दुसऱ्या भिंतीवर कोरण्याची पद्धत रूढ झाली. दोन्हीकडे सारखाच आवाज असेल तर सुई नुसती डावी-उजवीकडे हलते. दोन्हींत फरक असेल तर ती वर-खालीही हलते. सुईने उडी मारू नये म्हणून खर्जाचा भाग सहसा दोन्ही भिंतींवर सारखाच कोरला जातो.

एक अडचण मात्र या रचनेच्या पोटातच आहे. फेऱ्यांचा वेग कायम असला तरी बाहेरची वर्तुळे मोठी आणि आतली लहान असल्यामुळे बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, तर लेबलजवळ ती जेमतेम २१ सेंटिमीटर सरकते. म्हणजे तेवढ्याच सेकंदाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीने लिहावा लागतो. म्हणूनच बाजूच्या शेवटच्या गाण्यात 'स' आणि 'श' फाटल्यासारखे ऐकू येतात. रागसंगीताच्या तबकडीत तर हा दोष अगदी नको तिथे येतो: विलंबित ख्यालाची शांत सुरुवात सर्वांत ऐसपैस जागेत होते, आणि द्रुत बंदिशीतल्या ताना, तबल्याची लग्गी, झाल्याचा कल्लोळ हे सगळे सर्वांत अरुंद जागेत येऊन पडते. यंत्र बिघडले असे समजून मी पूर्वी याच जागी कितीतरी वेळा सुईचे वजन बदलत बसलो आहे.

सुईचे टोक हिऱ्याचे असते आणि त्याच्या गोलाईची त्रिज्या मिलिमीटरच्या हजार भागांपैकी १८ भागांइतकी, म्हणजे ०.०१८ मिलिमीटर असते. अंडाकृती टोकांत ती एका बाजूने आणखी कमी असते. या टोकावर दीड ते दोन ग्रॅम वजन ठेवतात. ऐकायला हे नगण्य वाटते, पण टेकण्याची जागा इतकी सूक्ष्म असते की तिथला दाब प्रचंड होतो आणि हिराही झिजतो. साधारण ५०० ते १००० तासांनी सुई बदलावी असा प्रघात आहे. रोज तासभर ऐकणाऱ्याने दीड ते पावणेतीन वर्षांनी बदलावी, असा त्याचा अर्थ झाला. झिजलेल्या सुईला धारदार कडा येतात आणि ती खाचेच्या भिंती तासत जाते. ते नुकसान भरून येत नाही, म्हणून माळ्यावरून उतरवलेल्या यंत्राची सुई न तपासता आवडती तबकडी लावू नये. वजन जितके कमी तितके तबकडीला बरे, ही समजूतही चुकीची आहे. वजन कमी पडले तर सुई मोठ्या आवाजाच्या वळणावर खाचेचा आधार सोडते आणि पुन्हा भिंतीवर आदळते. कंपनीने सांगितलेल्या मर्यादेतले वरच्या अंगाचे वजन त्या मानाने निर्धोक.

वजन लावण्याची रीत अशी: मागचे वजन फिरवून सुई धरणारी दांडी तराजूसारखी हवेत समतोल राहील असे करायचे, त्यावरची आकड्यांची चकती शून्यावर आणायची, आणि मग वजन व चकती दोन्ही एकत्र फिरवून हवा तो आकडा लावायचा. पाच मिनिटांचे काम आहे, आणि आवाजात जेवढा फरक त्याने पडतो तेवढा महागड्या ॲम्प्लिफायरनेही सहसा पडत नाही.

घरात आजोबांच्या काळातल्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या असतील तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. त्या लाखेच्या आहेत. सुतार पॉलिशसाठी स्पिरिटमध्ये विरघळवतात तोच हा चपडा. त्यामुळे त्या स्पिरिटने किंवा अल्कोहोल असलेल्या कोणत्याही द्रवाने पुसल्या तर पृष्ठभागच विरघळू लागतो. दुसरे म्हणजे त्यांची खाच कितीतरी रुंद असते आणि तिला सुमारे ०.०७५ मिलिमीटर गोलाईची सुई लागते. लाँग प्लेची सुई लावली तर ती खाचेच्या तळाशी घासत राहते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त वाचते. अशा दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटेच मावत असत, आणि एका पिढीच्या गायकांनी अख्खा राग त्या तीन मिनिटांत बसवून दाखवला, ही गोष्ट वेगळ्या लेखाची आहे.

पट्टा, म्हणजे मोटरची गती तबकडीच्या थाळीला पोचवणारे रबराचे वळे, इतक्या वर्षांत कडक होते किंवा चिकट होऊन मोटरला डांबरासारखे लागलेले असते. तो मिळेल का, सुई मिळेल का, अशी मला धास्ती होती, पण काळ अनुकूल निघाला. अमेरिकेत २०२२ साली सुमारे ४ कोटी १० लाख तबकड्या विकल्या गेल्या आणि सीडी ३ कोटी ३० लाख. १९८७ नंतर तबकड्यांची संख्या सीडींहून जास्त होण्याची ही पहिलीच वेळ होती. टेक्निक्स कंपनीने १९७२ साली आणलेला आणि २०१० मध्ये बंद केलेला एसएल-१२०० हा प्रसिद्ध रेकॉर्ड प्लेअर २०१६ मध्ये पुन्हा बाजारात आला. या लाटेमुळे जुन्या यंत्रांचे सुटे भागही पुन्हा मिळू लागले आहेत.

परदेशी असलेल्या नातेवाइकाने अमेरिकेतून जुना रेकॉर्ड प्लेअर आणला असेल तर मात्र थांबून विचार करावा. तिकडची वीज ११०-१२० व्होल्टची असते एवढे सगळ्यांना ठाऊक असते आणि ट्रान्सफॉर्मर लावून तो प्रश्न सुटतो. पण तिकडची वीज सेकंदाला ६० आवर्तनांची आहे आणि आपली ५० ची. जुन्या कित्येक मोटरी या आवर्तनांच्या तालावरच फिरतात, आणि ट्रान्सफॉर्मर आवर्तने बदलत नाही. अशी मोटर आपल्याकडे एक षष्ठांशाने हळू फिरते आणि आवाज तीन अर्धस्वरांहून, म्हणजे पेटीच्या काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्यांहून, किंचित जास्तच खाली उतरतो. पांढरी चारमध्ये गाणारा गायक पांढरी दोनच्याही थोडा खाली गाऊ लागतो. मोटरची कप्पी बदलणे हा त्यावरचा नेहमीचा उपाय. डीसी मोटरच्या किंवा क्वार्ट्झ नियंत्रणाच्या यंत्रांना हा त्रास होत नाही.

सुई हलली की तिच्यामागचा इवलासा चुंबक तारेच्या वेटोळ्यांमध्ये हलतो आणि वीज निर्माण होते. ती किती, तर तीन ते पाच मिलिव्होल्ट. सीडी प्लेअर दोन व्होल्टपर्यंत देतो, म्हणजे कित्येकशे पट. आणि प्रश्न केवळ कमी-जास्तीचा नाही. खर्जाचे सूर आहेत तसे कोरले तर खाच इतकी हेलकावेल की शेजारच्या खाचेत घुसेल, म्हणून कोरताना ते मुद्दाम दाबतात; वरचे सूर उलट मुद्दाम वाढवतात, म्हणजे वाजवताना ते कमी केले की त्यांच्याबरोबर तबकडीची सरसरही कमी होते. १९५४ साली अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण व्यवसायाच्या संघटनेने याचे एक प्रमाण ठरवले आणि तेच पुढे जगभर रूढ झाले. ऐकण्याच्या दोन्ही टोकांना, २० आणि २०,००० हर्ट्झला (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी आवर्तने), हा फेरफार सुमारे २० डेसिबलचा, म्हणजे व्होल्टमध्ये दहापट असतो. वाजवताना त्याच्या बरोबर उलट फेरफार करून आवाज पूर्ववत करणारे मंडल म्हणजे फोनो स्टेज.

जुन्या ॲम्प्लिफायरच्या मागे 'फोनो' लिहिलेली सॉकेटची जोडी असायची, तिच्या आत हे मंडल असे. आजच्या पुष्कळ ॲम्प्लिफायरांत ते नसते, आणि परतणाऱ्यांची सर्वांत जास्त फसगत इथेच होते. रेकॉर्ड प्लेअर 'ऑक्स' लिहिलेल्या साध्या जोडीला जोडला तर पत्र्याच्या डब्यात गायल्यासारखा क्षीण आवाज येतो, आणि माणूस तबकडीला दोष देतो. उलट सीडी प्लेअर फोनोला जोडला तर आवाज फुटतो आणि घुमतो. मधल्या इलेक्ट्रॉनिक्सची फार काळजी करू नये, असे मी वर म्हटले, त्याला हाच एक मोठा अपवाद आहे: मिलिव्होल्टना शंभरपट मोठे करताना मंडल चांगले नसेल तर सरसर आणि घरघरही शंभरपट होते. सतत 'हूं' असा खालच्या सुराचा आवाज येत असेल तर तो घरच्या विजेचा ५० हर्ट्झचा सूर असतो, आणि दहातल्या आठ वेळा रेकॉर्ड प्लेअरमधून निघालेली अर्थिंगची बारीक तार ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला लावायची राहिलेली असते.

ॲम्प्लिफायरबद्दल थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखे थोडकेच आहे. १९९० च्या दशकातल्या म्युझिक सिस्टिमवर '२००० वॅट पीएमपीओ' (म्हणजे क्षणिक कमाल शक्ती) असे ठसठशीत लिहिलेले असे, आणि त्याच यंत्राच्या पाठीवर बारीक अक्षरांत ते वीज किती घेते तो आकडा असे, पन्नास-साठ वॅट. सतत जेवढी शक्ती आत जाते त्याहून जास्त बाहेर येऊ शकत नाही, त्यामुळे पुढचा आकडा कशाचाच नव्हता. आरएमएस म्हणून, म्हणजे सतत देता येणाऱ्या शक्तीचा, जो आकडा देतात तेवढाच पाहावा. त्यातही वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो, जो कानाला 'किंचित वाढला' एवढाच वाटतो. दुप्पट मोठा वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. फ्लॅटमधल्या हॉलमध्ये नेहमीच्या आवाजात ऐकताना स्पीकरपर्यंत बहुतेक वेळ एक वॅटही जात नाही. तारांचेही तसेच आहे. घराच्या वायरिंगसाठी मिळणारी दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पाच मीटरपर्यंत जेमतेम ०.१२ ओहम अडथळा करते, आणि समोर स्पीकर आठ ओहमचा असतो. हजारोंच्या तारांवर खर्च करण्याआधी हा भागाकार करून पाहावा.

स्पीकर खोक्यातून काढताना माझ्या हाताला काळी भुकटी लागली. मोठ्या शंकूच्या कडेला जी लवचीक गोल पट्टी असते ती त्या काळात बहुधा फोमची असे, आणि दमट हवेत फोम दहा-वीस वर्षांत कुजतो, मग स्पीकर वाजो न वाजो. पट्टी गेली की शंकूला आधार उरत नाही आणि तो खर्जावर फडफडतो. पण म्हणून स्पीकर टाकून देऊ नये. शंकू आणि चुंबक शाबूत असतात आणि मापाची नवी पट्टी चिकटवता येते. रबराची पट्टी असेल तर ती कितीतरी जास्त टिकते.

पट्टी बसवल्यावर करायची एक तपासणी मला फार आवडते. भिंतीवरच्या घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल घ्यावा आणि ॲम्प्लिफायरची तार सोडवून स्पीकरच्या लाल-काळ्या टोकांना क्षणभर टेकवावा, धन टोक लालला. शंकू 'ठप' करून किंचित पुढे येतो. एखादा स्पीकर उलटा जोडला गेला तर एक शंकू पुढे येत असताना दुसरा मागे जातो, दोघांनी हवेत उठवलेल्या लाटा एकमेकींना खाऊन टाकतात, आणि डग्ग्याची घुमक नाहीशी होते. गायक मधोमध बसल्याचा भासही जातो. आवाज सगळीकडून येतो आणि कुठूनच येत नाही. माझ्या एका मित्राच्या घरी असा उलटा जोडलेला संच सहा वर्षे सुखाने नांदत होता.

आता डिजिटलचा प्रश्न. सीडी १९८२ साली आली आणि तिच्यात आवाजाच्या लाटेची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून लिहिलेली असते, प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर. मग मापांच्या मधला आवाज हरवला, सीडी म्हणजे जिना आणि तबकडी म्हणजे उतार, असे पुष्कळ जण सांगतात. हे चुकीचे आहे, आणि का चुकीचे आहे ते शाळेतल्या भूमितीने समजते. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एक आणि एकच वर्तुळ जाते. मी केवळ तीन बिंदू दिले, तरी काढायचे ते वर्तुळच आहे हे ठाऊक असेल तर मधला सगळा परीघ तुम्ही तंतोतंत काढू शकता. काहीच हरवलेले नाही. त्याचप्रमाणे, आवाजात २२,०५० हर्ट्झच्या वरचे काही नाही हे आधीच पाळले असेल, तर त्या मापांतून जाणारी लाट एकच असते आणि डॅक नावाची चिप तीच काढून देते. बाहेर येतो तो गुळगुळीत वळणाचा आवाज, जिना नव्हे. पायऱ्यांच्या मर्यादेमुळे अगदी तळाशी थोडी सरसर राहते, पण मोठ्यात मोठा आवाज आणि ही सरसर यांत सुमारे ९६ डेसिबलचे अंतर असते. तबकडीला ६० ते ७० डेसिबलही मुश्किलीने गाठता येतात.

तरीही तीच मैफल तबकडीवर जास्त मोकळी वाटते, असा अनुभव खोटा नसतो. १९९० नंतरच्या अनेक सीडींमध्ये हळू भाग उचलून आणि मोठे भाग दाबून सगळेच सारख्या उंचीवर आणले गेले, म्हणजे गाडीत किंवा दुकानात ते उठून ऐकू यावे. गायकाने आवाज हलका करून घेतलेला स्वर आणि त्यानंतरची पुकार यांतला फरक त्यात मारला जातो. हा दोष सीडीचा नाही, ती तयार करणाऱ्याच्या निर्णयाचा आहे. ब्लूटूथची गोष्ट निराळी: सीडी सेकंदाला १,४११ किलोबिट माहिती देते, आणि ब्लूटूथची सर्वसाधारण पद्धत तीनशेच्या आसपास किलोबिटमध्ये ती बसवते. कामे करताना ऐकायला ते पुरते; बसून ऐकायचे असेल तर मी तार लावतो.

यानंतर येते खोली, आणि वीस वर्षांपूर्वी मला हिच्याबद्दल काहीच समजले नव्हते. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या भिंतींत दहा फूट, म्हणजे तीन मीटरहून थोडे जास्त अंतर असेल तर ५६ हर्ट्झच्या सुराची अर्धी लाट त्या अंतरात नेमकी बसते आणि तो सूर खोलीत अडकून वाढतो. पंधरा फुटांना हाच आकडा ३७-३८ येतो. आपल्या फ्लॅटमध्ये गोची अशी होते, की खोलीची रुंदी दहा फूट आणि छतही साडेनऊ-दहा फुटांवर, त्यामुळे दोन्हीकडचे अडकणारे सूर जवळपास एकच निघतात आणि त्या एका ठिकाणी खर्ज दुप्पट घुमतो. मोबाइलवरच्या एखाद्या टोन देणाऱ्या ॲपमधून ५६ हर्ट्झचा सूर स्पीकरवर लावून खोलीत चालून पाहावे. भिंतीला पाठ लावली की पोटात घुमते. बरोबर मध्यभागी आलो की सूर जवळजवळ नाहीसा होतो. ॲम्प्लिफायर तोच, स्पीकर तेच, आणि चार पावलांत जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून खर्ज जास्त वाटला तर आधी खुर्ची हलवावी, मग स्पीकर भिंतीपासून आणि कोपऱ्यातून बाहेर ओढावेत, आणि तरीही भागले नाही तरच पाकिटाला हात घालावा.

वरच्या सुरांचा शत्रू वेगळा आहे. टाइल्सची जमीन, गुळगुळीत भिंती आणि सरकत्या काचा असलेल्या रिकाम्या हॉलमध्ये एक टाळी वाजवली तर तिच्या मागून 'टर्र' असा आवाज येतो; तो दोन उघड्या भिंतींमध्ये आपटत राहिलेला टाळीचाच तुकडा असतो. स्पीकर आणि श्रोता यांच्यामध्ये जमिनीवर जाड सतरंजी, एका भिंतीला पुस्तकांचे उघडे कपाट आणि खिडकीला भरदार पडदा एवढ्याने तो बराचसा जातो. खर्जावर मात्र सतरंजीचा काही परिणाम होत नाही, कारण ५६ हर्ट्झची पूर्ण लाट सहा मीटर लांब असते आणि तिला अर्ध्या इंचाच्या कापडाची दखलही घ्यावी लागत नाही. कोपऱ्यात गुंडाळून उभ्या केलेल्या कापसाच्या दोन जाड गाद्यांनी आमच्याकडे थोडासा फरक पडला, पण घरच्यांनी त्या चौथ्या दिवशी उचलल्या. दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण आणि स्पीकरमधला वरच्या सुरांचा लहान शंकू कानाच्या उंचीला, हे मात्र कोणाच्याही हरकतीशिवाय जमते.

साखळीतली शेवटची कडी आपला कान, आणि तोही माळ्यावरच्या संचाबरोबरच जुना झालेला असतो. विशीत सतरा-अठरा हजार हर्ट्झपर्यंत ऐकणारा माणूस साठीला येईतो बहुधा बारा हजारांच्या आसपास थांबतो. चाळीस हजार हर्ट्झपर्यंत पोचणाऱ्या स्पीकरच्या जाहिराती आमच्या वयाच्या लोकांपुढे करतात तेव्हा मला हसू येते. बारा हजारांच्या वर संगीतातला फार थोडा भाग असतो, त्यामुळे दुःख करण्यासारखे त्यात काही नाही.

कानाची दुसरी खोड वयाशी संबंधित नाही. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ साली मोजून दाखवले, की आवाज लहान केला की खर्ज बाकीच्या सुरांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात ऐकू येईनासा होतो. रात्री शेजाऱ्यांसाठी आवाज कमी केला की तबला हलका आणि तंबोरा पातळ वाटतो तो यामुळे. यंत्राने काही कमी केलेले नसते. जुन्या ॲम्प्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचे एक बटण असे, ते कमी आवाजात खर्ज उचलून ही तूट भरून काढते. १९८७ साली शुद्धतेच्या हट्टापायी मी ते कधीच दाबले नव्हते, आणि त्यामुळे पुढच्या पट्टीवर बाकीच्या बटणांचे रंग उडाले तरी ते नव्यासारखे होते. आता रात्री दहानंतर ते दाबलेलेच असते.